गॅस गीझर: आधी हवा बघा, मग गॅस

मला येणारे निम्मे फोन एकाच वाक्यानं सुरू होतात: “टकटक वाजतंय, पण पेटत नाही.” उरलेल्यांत पाणी कोमट येतं, खालून ठिबकतं, गॅसचा वास येतो, असं काहीबाही असतं. “आंघोळ करून आलं की डोकं जड होतं, जरा गीझर बघून जा” असा फोन मात्र बावीस वर्षांत एकदाही आलेला नाही. डोकं दुखलं तर माणूस डॉक्टरकडे जातो, मेकॅनिकला कोण बोलावतं! माझ्या सख्ख्या वहिनीनंही बोलावलं नव्हतं.

तिला सकाळी डोकेदुखी सुरू झाली, तीही फक्त थंडीच्या दिवसांत. चष्म्याचा नंबर बदलून झाला, अर्धशिशीच्या गोळ्या झाल्या. घरातल्या चौघांत तिची आंघोळ सगळ्यात शेवटी, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. एके दिवशी ती बाथरूममधून बाहेर आली आणि दारातच बसली. पाय उचलेनात. पुतण्यानं बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर आकडा 98. “ऑक्सिजन तर छान आहे, अशक्तपणा असेल,” असं म्हणून सगळे निर्धास्त. मी पोहोचलो, बाथरूममध्ये डोकावलो आणि मलाच घाम फुटला. गार वारा येतो म्हणून खिडकीची काच घट्ट लावलेली. वरच्या झरोक्याच्या जाळीवर बोटभर धूळ. आणि आत भिंतीवर बिनफ्लूचा, म्हणजे जळालेला वायू बाहेर नेणारा पाइपच नसलेला, सहा लिटरचा गीझर. नऊ वर्षांपूर्वी तो मीच बसवला होता.

त्या काळी सगळेच तसे बसवायचे. मीही बसवले. नंतर त्यातले जेवढे आठवले तेवढे फिरून फिरून बाहेर काढले. म्हणून हे लिहिताना सुरुवात पाना-स्क्रूपासून करणार नाही, जागेपासून करणार आहे.

जागा चुकली तर सर्व्हिसिंग फुकट

गीझरवर लिहिलेले “6 लिटर” म्हणजे टाकी नव्हे. मिनिटाला सहा लिटर पाणी तो साधारण 25 अंशांनी तापवतो, असा त्याचा अर्थ. एवढं पाणी चालता चालता तापवायचं तर ज्योतही तशीच दांडगी लागते: स्वयंपाकाच्या शेगडीचे चार-पाच बर्नर एकदम मोठे करून ठेवल्यासारखी. तासभर सलग चालला तर तो जवळजवळ एक किलो गॅस जाळतो. आता हवेचा हिशेब करा. सिलिंडरमधल्या गॅसच्या एका भागाला नीट जळायला चोवीस ते एकतीस भाग हवा लागते. प्रोपेन जास्त असेल तर कमी, ब्युटेन जास्त असेल तर जास्त. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीत हा डबा सुमारे दोन घनमीटर हवा खातो. पाच फूट बाय चार फूट, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते साडेचार घनमीटर. फटीबिटींतून थोडी नवी हवा येते, त्यामुळे हिशेब तंतोतंत बसत नाही. पण एकामागून एक चौघं आंघोळीला गेले, तर शेवटच्याच्या वाट्याला काय उरतं ते समजायला एवढा पुरे.

प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. सिलिंडरच्या गॅसला जो कुजकट वास येतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो. गॅस जळला की तोही जळून जातो. त्यामुळे “वास नाही म्हणजे सगळं ठीक” हे गळतीपुरतंच खरं. मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आणि साध्या ऑक्सिमीटरला हिमोग्लोबिनला चिकटलंय ते प्राणवायू की मोनॉक्साइड, हा फरक कळत नाही. वहिनीच्या बोटावरचे 98 असे फसवे होते.

तेव्हा बिनफ्लूचा गीझर बाथरूममध्ये नको. खिडकी असली तरी नको, कारण ती थंडीत बंद होतेच. गीझर गॅलरीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर लावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्या. पाण्याचा झोत आणि थेट पाऊस त्यावर येणार नाही, वाऱ्याच्या झोतानं ज्योत विझणार नाही, एवढा आडोसा द्या. पण आडोसा म्हणजे बंद कपाट नव्हे. दिसायला वाईट दिसतं म्हणून लोक गीझरला छान पॉलिश केलेली लाकडी पेटी करून घेतात. त्या पेटीचं दार मी उघडतो आणि उघडंच ठेवून जातो.

घरातच लावायचा असेल तर फ्लू असलेलाच घ्या. त्याहून चांगला, बाहेरची हवा पाइपानं घेऊन धूर बाहेरच सोडणारा बंदिस्त प्रकार. त्याचा खोलीतल्या हवेशी संबंधच येत नाही. फ्लूचा पाइप गीझरच्या तोंडाइतक्याच व्यासाचा हवा, मध्ये कुठे बारीक केलेला नको. तो सुरुवातीला सरळ वर जाऊ द्या, नंतर वळवा. बाहेरचं तोंड खिडकीपासून लांब ठेवा आणि त्यावर टोपी बसवा. टोपी नसलेल्या पाइपातून मी पक्ष्यांची घरटी काढली आहेत.

एक गोष्ट चांगल्या शिकलेल्या लोकांनाही पटत नाही. एक्झॉस्ट फॅन नेहमी मदतच करतो असं नाही. साधा फ्लूचा गीझर खोलीत असेल, दारं-खिडक्या बंद असतील आणि फॅन जोरात खोलीतली हवा बाहेर ओढत असेल, तर त्याला नवी हवा हवी असते. ती कुठूनच मिळाली नाही तर तो ती फ्लूमधून उलटी ओढतो, जळालेल्या वायूसकट. फॅन ठेवा, पण दाराच्या खालच्या बाजूला कायम उघडी राहणारी जाळीही ठेवा.

हे तपासायला उदबत्ती पुरते. आधी गळती नाही याची खात्री करा. कशी ते पुढे सांगतो. मग रोज जशी असतात तशी दारं-खिडक्या लावा, फॅन सुरू करा, गीझर पाच मिनिटं चालू द्या. गीझरच्या वरच्या भागात, जिथून गरम वायू फ्लूत शिरतो, तिथल्या फटीपाशी पेटलेली उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. तो तुमच्या तोंडावर आला, तर गीझर बंद करा, खिडक्या उघडा आणि दुरुस्ती होईपर्यंत त्याला हात लावू नका.

घरच्या घरी करता येणारं

कव्हर न काढता बरंच काही होतं. सगळ्यात आधी सेल. बहुतेक गीझरमध्ये दीड व्होल्टचे दोन जाडे सेल असतात. अर्धे उतरलेले सेल ठिणगी उशिरा टाकतात. तोवर थोडा गॅस साचतो आणि मग ‘भप्प’ असा आवाज करून पेटतो. तो आवाज ऐकू आला की दुसऱ्या दिवशीची वाट बघू नका. दोन्ही सेल एकदमच बदला, एक जुना एक नवा असं करू नका. पत्र्याच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर आला असेल तर बारीक पॉलिश पेपरनं घासा. निम्म्या टकटकवाल्या फोनचं उत्तर इथेच आहे, आणि त्यासाठी मला बोलावलंत तर मला संकोच वाटतो.

सेल बदलूनही भप्प होत असेल तर ठिणगीची कांडी हललेली आहे किंवा बर्नर तुंबलाय. तो मेकॅनिकचा प्रांत.

मग पाण्याची गाळणी. गार पाणी जिथून आत येतं त्या नटमध्ये एक इवली जाळी असते. पाण्याचा कॉक बंद करा, नट सोडवा, जाळी काढा, जुन्या टूथब्रशनं घासून धुवा. टाकी साफ करून घेतल्यावर हे हमखास करावं लागतं, कारण तळाचा सगळा गाळ तिथेच येऊन बसतो. पाण्याचा जोर कमी पडला की गीझर पेटतच नाही. आतली रबराची पातळ चकती, डायफ्राम, पाण्याच्या दाबानं सरकते तेव्हाच गॅस उघडतो.

त्याच डायफ्रामची एक परीक्षा महिन्यातून एकदा घ्या. गीझर पेटलेला असताना नळ बंद करा. ज्योत तिथल्या तिथे, एक-दोन सेकंदांत विझली पाहिजे. नळ बंद आणि ज्योत चालूच, असं दिसलं तर गॅसचा कॉक ताबडतोब फिरवा. आतली पिन अडकली आहे. कॉइलमधलं, म्हणजे ज्योतीच्या वर पाणी तापवणाऱ्या नळीतलं, थांबलेलं पाणी तिथेच उकळायला लागतं, आणि त्यानंतर नळ उघडणाऱ्याच्या हातावर वाफ येते.

गळतीसाठी साबणाचं पाणी, दुसरं काही नाही. वाटीत थोडा लिक्विड साबण आणि पाणी, रंगाचा छोटा ब्रश. गॅस सुरू, गीझर बंद. रेग्युलेटरचा जोड, नळीची दोन्ही टोकं, कॉक, गीझरखालचा नट, सगळीकडे लावा आणि प्रत्येक ठिकाणी मनात वीस अंक मोजेपर्यंत बघत राहा. मोठी गळती लगेच फसफसते. बारीक गळतीचा फुगा एकाच जागी संथपणे मोठा होत जातो, आणि घाईत तोच सुटतो. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग मी पाहिलेत. एकाच्या भुवया नंतर आल्याही.

नळीवर छापलेली तारीख वाचा. ती उलटून गेली असेल तर नळी दिसायला नवी असली तरी बदला. हातानं वाकवून बघा. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या किंवा नळी कडक लागली तरीही बदला. भिंतीच्या आतून रबरी नळी नेऊ नका, तिथे तांब्याचा किंवा लोखंडी पाइप हवा.

शेवटी ज्योत. पुढच्या काचेतून रोज दिसते, तरी कुणी बघत नाही. निळी, आखूड, स्थिर आणि सगळीकडे सारखी असावी. मध्येच एखादी नारिंगी ठिणगी चमकली तर ती धूळ असते, घाबरू नका. पण पिवळी, लांब, लवलवणारी ज्योत किंवा काचेवर-पत्र्यावर काळा डाग म्हणजे हवा कमी पडते आहे. उलट बाजूही सांगतो: निळी ज्योत म्हणजे हमी नव्हे. कॉइलच्या पात्यांत काजळी भरली असेल किंवा खोली बंद असेल, तर दिसायला निळी ज्योतही मोनॉक्साइड सोडू शकते.

मेकॅनिक आला की काय करून घ्यायचं

वर्षातून एकदा, आणि थंडी सुरू होण्याआधी. गॅसचा व्हॉल्व्ह, जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक तोंड), डायफ्राम, सील यांना स्वतः हात लावू नका. पण मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून बघा. फडक्यानं कव्हर पुसून “झाली सर्व्हिस” म्हणणारे आमच्यात कमी नाहीत.

बर्नर बाहेर काढलाच पाहिजे. तो एकच तुकडा नसतो, पत्र्याच्या अरुंद पट्ट्या ओळीनं उभ्या असतात. प्रत्येक पट्टीच्या खालच्या तोंडातून गॅस आणि हवा एकत्र आत शिरतात. या तोंडात एक गिऱ्हाईक नेमानं राहायला येतं: बारीक कोळी. उन्हाळ्यात गीझर महिनोन् महिने बंद असतो, तेव्हा तो आत शिरून पांढरं, कापसासारखं जाळं विणतो. कव्हर काढून वरून बघितलं तर काही दिसत नाही. पट्टी काढून उजेडाकडे धरली की समोरचं भोक दिसायच्या ऐवजी धुरकट पडदा दिसतो. एवढ्याशा जाळ्यानं हवा अडते, गॅस तेवढाच येत राहतो आणि त्या एका पट्टीची ज्योत पिवळी पडते. शेजारच्या पट्ट्या निळ्या, मधली एक पिवळी, असं काचेतून दिसलं की मी कव्हर उघडण्याआधीच कोळ्यावर पैज लावतो. मऊ ब्रश आणि हवेचा पंप, एवढ्यात तो निघतो.

जेट मात्र सुईनं कोरू देऊ नका. त्याचं भोक ठरावीक मापाचं असतं. सुईनं केसभर मोठं झालं की कायमचा जास्त गॅस येत राहतो. तुंबलेला जेट फुंकून साफ होतो, नाही तर बदलायचा. घर बदलून सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर आलात तर तोच गीझर तसाच जोडायचा नाही. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याचा दाब वेगळा, हवेची गरज वेगळी, म्हणून जेटचं मापही वेगळं. कंपनी ज्या गीझरला हा बदल चालतो म्हणते त्यालाच करायचा.

कॉइलच्या पात्यांतून उजेड आरपार दिसला पाहिजे. काजळी असेल तर कॉइल उतरवून धुवायची. पाणी जड असेल तर आत क्षाराचा थर बसतो, पाणी तापताना करकर आवाज येतो आणि धार बारीक होते. सायट्रिक ॲसिडचं पातळ पाणी आत भरून ठेवलं की थर सुटतो, मग भरपूर साध्या पाण्यानं धुवायचं. पेटून चार-पाच सेकंदांत विझणाऱ्या गीझरचा दोष बहुधा ज्योत ओळखणाऱ्या कांडीवरच्या काजळीत असतो. ती पुसली की काम होतं. ही कांडी काढून टाकून किंवा तारा थेट जोडून “चालू करून देतो” असं कुणी म्हणालं, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

अलार्म, आणि वेळ आलीच तर

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि गॅसगळतीचा अलार्म ही दोन वेगळी यंत्रं आहेत. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून गळतीचा अलार्म जमिनीलगत लागतो. मोनॉक्साइड हवेइतकाच, किंचित हलका आणि हवेत मिसळून जाणारा. त्याचा अलार्म श्वासाच्या उंचीवर, गीझरच्या अगदी डोक्यावर नव्हे. युरोपीय मानक ईएन 50291 प्रमाणे बनवलेला अलार्म दहा लाखांत 300 भाग मोनॉक्साइड असेल तर तीन मिनिटांत वाजतो, 50 भाग असेल तर तास-दीड तासात. मागे लिहिलेली मुदत बघा. त्यानंतर बटण दाबल्यावर आवाज येतो, पण आतला सेन्सर मेलेला असू शकतो.

गॅसचा वास आला तर सिलिंडर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नका, चालू असलेलं बंदही करू नका, आणि फोन बाहेर जाऊन करा.

बाथरूममधून उत्तर येत नसेल तर हाका मारण्यात वेळ घालवू नका. गॅस बंद करा, दार उघडा किंवा तोडा, श्वास रोखून आत जा, माणसाला मोकळ्या हवेत आणा. वाचवायला गेलेला दुसराही तिथेच पडतो, म्हणून आत रेंगाळू नका. रुग्णवाहिका बोलवा आणि “गॅस गीझर चालू होता, कार्बन मोनॉक्साइडचा संशय आहे” हे पहिल्याच वाक्यात सांगा. ऑक्सिमीटरचा आकडा चांगला आला तरी सांगा. उपचार म्हणजे लगेच जास्त प्रमाणात प्राणवायू. रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिनला किती मोनॉक्साइड चिकटलाय ते कळतं.

वहिनीला त्या दिवशी तसंच नेलं, संध्याकाळी ती घरी आली. गीझर मी त्याच आठवड्यात गॅलरीत हलवला. आता तिची एकच तक्रार: गरम पाणी यायला आधी अर्धी बादली गार पाणी जातं. ते बादलीत धरून ठेव, म्हटलं, नंतर विसण घालायला लागतंच. कव्हरच्या आतल्या बाजूला मी मार्करनं चार ओळी लिहून ठेवल्यात: सेल कधी बदलले, नळी कधीची, बर्नर कधी काढला, अलार्मची मुदत कधी संपते. पुढच्या वेळी मी नसेन, दुसरा कुणी येईल. त्यानं कव्हर उघडल्याबरोबर त्याला ते दिसेल, आणि दिसल्याची खूण म्हणून त्यानं खाली नवी तारीख घातली नाही, तर वहिनी त्याला विचारेल.